बसऱ्याची वाट

पूर्वजांचा शोध घेण्याची हौस माणसाला साधारणपणे पन्नाशीच्या आसपास लागते. तोवर पुढे पाहण्यातच दिवस जातात. बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर येथील मराठी मंडळी आपल्या घराण्याविषयी बोलू लागली की सनदा, इनामे, शिलेदाऱ्या यांच्या कथा निघतात आणि ऐकणारा नम्र होतो. आमच्या घराण्यापाशी असले काही नाही. खानापूर तालुक्यातल्या, मलप्रभेच्या काठच्या एका लहानशा गावचे आम्ही कुळवाडी. चार एकर भाताची जमीन, तीही पुढे दोन एकर झाली. आमच्या घराण्याचा सारा इतिहास म्हणजे एक माणूस. तो १९१४ साली पलटणीबरोबर बसऱ्याला गेला आणि परत आला नाही. हे माझे पणजोबा.

बसरा हे इराकमधील एका बंदराचे नाव आहे हे मला शाळेत भूगोल शिकताना कळले. तोपर्यंत बसरा म्हणजे माणसे जिथून परत येत नाहीत असा कुठलासा मुलूख, अशीच माझी समजूत होती. मेसोपोटेमिया हा शब्द आमच्या घरात कोणी कधी उच्चारला नाही. फ्रान्स असो, आफ्रिका असो, त्या युद्धाला गेलेला प्रत्येक माणूस आमच्या गावाच्या लेखी बसऱ्यालाच गेलेला होता.

पणजीला आम्ही थोरली आई म्हणत असू. ती १९७७ साली वारली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. कपाळावर आडवे ठसठशीत कुंकू, हातात हिरवा चुडा, गळ्यात काळी पोत, हे तिचे रूप मला स्वच्छ आठवते. आमच्या घरातच नव्हे, साऱ्या गावात तिच्या वयाच्या बाईच्या कपाळी कुंकू क्वचितच दिसे. त्यामुळे ती आमच्या डोळ्यांना थोडी निराळी वाटे. पणजोबांचे नाव ती जुन्या रीतीप्रमाणे कधीच घेत नसे. "हे पलटणीत हाईत," एवढेच म्हणे. साठ वर्षे तिने वर्तमानकाळ सोडला नाही.

पुढे मोठेपणी आमच्या वडिलांकडून, म्हणजे अण्णांकडून, मला बाकीचे कळत गेले. युद्ध संपल्यावर १९१९ च्या सुमारास शेजारच्या गावचा एक शिपाई तुर्कांच्या कैदेतून सुटून आला. त्याने घरी येऊन सांगितले की, मी त्यांना कुटच्या वेढ्यात जिवंत पाहिले आहे. त्या एका वाक्यावर थोरल्या आईने पुढचे आयुष्य काढले. सरकारकडून कागद आला, त्यावर माणूस बेपत्ता, मृत धरण्यात आले आहे असा मजकूर होता. विधवेला कुटुंबवेतन मिळणार होते. त्यासाठी कागदावर अंगठा उठवायचा होता. तिने अंगठा दिला नाही. "माझं मी कशाला लिवून देऊ?" असे ती पाटलांना म्हणाली, असे अण्णा सांगतात. बारा वर्षे झाल्यावर उपाध्यांनी शास्त्र सांगितले: बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहावी, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचे दहन करावे आणि पुढचे विधी करावेत. तिने उपाध्यांना दक्षिणा आणि शिधा देऊन परत पाठवले.

याची किंमत आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी मोजली. वेतन नाही, घरात कर्ता पुरुष नाही. दोन एकर गेले ते याच काळात. आबा दहाव्या वर्षी दुसऱ्याच्या गुरांमागे जाऊ लागले. युद्धानंतर पलटणीतून चांदीचा एक बिल्ला आला होता, त्यावर राजाचे तोंड होते. थोरल्या आईने तो फडक्यात बांधून कणगीत टाकला होता. महागाईच्या एका साली आबांनी तो बेळगावला नेऊन सराफाला विकला. आबा स्वभावाने मृदू होते. परंतु आईच्या कुंकवाचा विषय निघाला की ते उठून बाहेर जात. गावात कुजबूज होतीच: त्याने तिकडेच दुसरा संसार मांडला असणार, नाहीतर इतकी वर्षे कोण येत नाही? ही कुजबूज दोघांच्याही कानी जात असणार. तिने ती कशी सोसली हे मला विचारता आले नाही, कारण मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो आणि तिच्या कनवटीच्या गुळाच्या खड्यातच माझे लक्ष असे.

ती गेली तेव्हा प्रश्न उभा राहिला की हिला न्यायची कशी? सवाष्ण म्हणून की विधवा म्हणून? गावच्या बायकांत दोन तट पडले. शेवटी आबा पुढे झाले. सारा जन्म ज्या कुंकवाचा राग केला ते त्यांनी स्वतःच्या हाताने आईच्या कपाळी लावले आणि हिरवे लुगडे नेसवून, ओटी भरून तिला नेले. तेव्हापासून आमच्या घरी भाद्रपदात तिची अविधवा नवमी होते. त्या दिवशी एका सवाष्णीला जेवू घालून तिची ओटी भरतात. अहेवपणी गेलेल्या बाईचे हे श्राद्ध.

मी सरकारी मराठी शाळेत शिक्षक झालो, पुढे मुख्याध्यापक झालो. जुन्या कागदांचा वास मला आवडतो, आणि आमच्या धंद्यात तो पुष्कळ मिळतो. आपल्या पणजोबांचा शोध कोठे सुरू करावा याचा मी बरीच वर्षे विचार करीत होतो, आणि तो सुरू झाला तो शेवटी माझ्याच व्यवसायातल्या एका कागदावर. आमच्या गावच्या शाळेचे जुने जनरल रजिस्टर एका कपाटाच्या तळाशी होते. पाने ठिसूळ, शाई तांबूस, आणि जुन्या नोंदी मोडीत. मराठीत एम. ए. केलेल्या माणसाला मोडी येत असेल असा लोकांचा समज असतो, तो चुकीचा आहे. ज्ञानेश्वरीवर टिपणे काढणारा मी, आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापुढे निरक्षर ठरलो. पन्नाशीत मोडी शिकलो. सहा महिने लागले. लेखणी न उचलता लिहिलेल्या त्या लिपीत एका कारकुनाचा 'र' दुसऱ्या कारकुनाशी जुळत नाही, हे मी सोसून शिकलो.

आबांची नोंद सापडली. शाळेत नाव घातल्याचे साल १९२०. वडिलांच्या धंद्याच्या रकान्यात लिहिले होते: लष्करी नोकरी, ११० पलटण, बेपत्ता. पालक म्हणून आईचे नाव. आणि शेवटच्या रकान्यात, शाळा सोडण्याचे कारण: गरिबी. असे दाखले मी स्वतः शेकड्यांनी लिहिले आहेत. त्या रकान्यापाशी माझा हात थबकत नाही असे म्हणवत नाही, पण त्या दिवसापासून तो जास्त थबकतो.

११० पलटण! एवढ्या एका आकड्याने वाट उघडली. १९१४ साली मराठ्यांच्या सहा पलटणी होत्या: १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. या सर्वांची १९२२ साली फेररचना होऊन पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. ११४ वी प्रशिक्षणाची पलटण होऊन बेळगावला आली, आणि तेव्हापासून मराठा पलटणीचे केंद्र आमच्या बेळगावात आहे. या ११४ व्या पलटणीने १९१८ च्या ऑक्टोबरात तैग्रिस नदीकाठी शरकतच्या लढाईत मोठा लौकिक मिळवला होता. शरकत हे नाव आमच्या कँप भागात आजही ऐकू येते.

बेळगावकरांना कँपचे अप्रूप नाही. पावसाळ्यात मोठ्या झाडांखालून चालताना पलीकडच्या मैदानावरून कवायतीची शिटी ऐकू येते, पहाटे रंगरूट रस्त्याने धावत जातात, आणि आम्ही सायकल बाजूला घेऊन त्यांना वाट देतो. एवढाच आमचा संबंध. त्या फाटकाशी मी पहिल्यांदा अर्ज घेऊन उभा राहिलो तेव्हा उगीचच छाती धडधडली. माझे पणजोबा याच रस्त्याने, बहुधा अनवाणी, भरतीला आले असतील. आतल्या अधिकाऱ्यांनी मला अगत्याने बसवून चहा दिला आणि माझा भ्रमनिरास सौम्य शब्दांत केला. ११० वी पलटण पुढे तिसरी मराठा झाली, आणि नंतर तिचे रूपांतर छत्रीधारी सैन्यात होऊन ती १९५२ पासून दुसरी पॅरा म्हणून ओळखली जाते. ज्या पलटणीच्या शोधात मी आलो होतो ती बेळगावात नव्हतीच. "गुरुजी, शिपाई नंबर आहे काय?" त्यांनी विचारले. नंबर नव्हता. नुसत्या नावावर शोधायचे तर एकाच नावाची किती माणसे, हे त्यांनी मला हसत समजावले. मराठ्यांची नावे मोजकी आणि आडनावे त्याहून मोजकी. नंबर असता तर वाट सरळ होती.

आणि तो नंबर आमच्या घरी होता! त्या युद्धातल्या बिल्ल्यांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असे. हे मला त्या दिवशी कळले. बिल्ला आबांनी विकला होता, सराफाने वितळवला होता. वाचकांपैकी कोणाच्या घरी असा एखादा बिल्ला पेटीच्या तळाशी पडला असेल तर त्याने तो दर्शनी बाजूने पाहू नये, उजेडात धरून कडेने वाचावा. राजाच्या चेहऱ्यापेक्षा ती कड मोलाची आहे.

पुढची काही वर्षे मी सुट्यांत भटकलो. आमच्याच गावच्या चावडीच्या भिंतीत एक दगडी पाटी आहे, इंग्रजीत कोरलेली: या गावातून महायुद्धाला इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. अशा पाट्या मुंबई इलाख्यातल्या आणि इतरही प्रांतांतल्या पुष्कळ गावी आहेत. मजकूर एकच, आकडे तेवढे बदलतात. आमच्या पाटीवरचा दुसरा आकडा एका हाताच्या बोटांवर मावणारा आहे. लहानपणी आम्ही त्या पाटीखाली गोट्या खेळत असू. त्या आकड्यात पणजोबा धरले आहेत की नाहीत, हे मात्र पाटी सांगत नाही, कारण तिच्यावर नाव एकही नाही.

साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला मुद्दाम जाऊन आलो. अपशिंगे मिलिटरी असेच त्या गावाचे नाव पडले आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले, त्यांचे स्मारक तेथे आहे. गावात शिरलो तेव्हा दुपार होती. ओट्यावर बसलेल्या एका वृद्ध निवृत्त सुभेदारांनी मी कोण, कुठला, कशासाठी आलो हे विचारून घेतले आणि आपल्या शेजारी जागा करून दिली. माझी हकीकत ऐकून ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "गुरुजी, तुमच्या पणजीनं पेन्शन घेतली नाही हे बरं केलं की वाईट, हे आपण सांगू नये. आमच्याकडं घेतलेल्याही होत्या. त्यांचंही काही सोपं नव्हतं." आबांच्या बाजूने थोरल्या आईवर रागावण्याचे माझे काम तोवर चालू होते. त्या दुपारनंतर ते मंदावले.

शिक्षक-प्रशिक्षणाच्या निमित्ताने दिल्लीला गेलो तेव्हा इंडिया गेटवर दोन संध्याकाळी घालवल्या. १९२१ साली पाया घातलेली आणि १९३१ साली उघडलेली ही कमान पहिल्या महायुद्धातल्या हिंदी सैनिकांचे स्मारक आहे हे आपण सारे शिकवतो. तिच्यावर नावे कोरलेली आहेत हेही शिकवतो. मान वर करकरून मी ती वाचत होतो. आईस्क्रीमवाल्यांची गर्दी, मुलांचे फुगे, आणि मधे मी एक धोतऱ्या माणूस भिंतीशी पुटपुटणारा! पहारेकऱ्याने दोनदा हटकले. मग कमानीवरचा मुख्य लेख नीट वाचला तेव्हा उलगडा झाला. त्यात म्हटले आहे की हे स्मारक फ्रान्स, मेसोपोटेमिया, इराण, पूर्व आफ्रिका, गॅलिपोली येथे पडलेल्यांचे आहे. आणि ज्यांची नावे येथे लिहिली आहेत ते मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेले आहेत. सुमारे ७०,००० सैनिकांच्या या स्मारकावर नावे आहेत ती १३,३०० च्या आसपास. मेसोपोटेमियाला गेलेल्यांच्या वाट्याला प्रदेशाचे नाव आले, स्वतःचे नाही. मी दोन संध्याकाळी चुकीच्या भिंतीवर शोधत होतो. मुलांना नकाशा वाचायला शिकवणाऱ्याने आधी लेख वाचायला हवा होता.

त्यांच्या नावाची भिंत, असलीच तर, बसऱ्याला होती. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि ज्यांची कबर वा दहनस्थान ठाऊक नाही अशा ४०,००० हून अधिक सैनिकांचे स्मारक तेथे १९२९ साली उघडले. आधी ते बंदरातल्या आरमारी गोदीच्या धक्क्यावर होते. १९९७ साली इराकच्या राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने ते दगड दगड सोडवून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटरवर, वाळवंटात, जसेच्या तसे पुन्हा उभारण्यात आले. आणि त्या एवढ्या मोठ्या स्मारकावर गोऱ्या सैनिकांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत; हिंदी शिपायांची मात्र पलटणीच्या नावाखाली केवळ संख्या आहे. चावडीच्या पाटीचाच हिशेब, फक्त संगमरवरासारखा थोर! युद्धातल्या मृतांच्या स्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाने २०२१ च्या एप्रिलमध्ये अहवाल काढून अशा भेदभावाची कबुली दिली आणि क्षमा मागितली. क्षमा शंभर वर्षांनी आली तरी ती लिहून आली, हे मला शिक्षक म्हणून महत्त्वाचे वाटते.

दगडावर नावे नव्हती, तरी आयोगाच्या नोंदवहीत होती. ती वही आता घरबसल्या पाहता येते. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती, माझ्या धाकट्या चिरंजीवाला ठाऊक होती. ज्या गोष्टीसाठी मी मोडी शिकलो, दिल्लीत मान मोडून घेतली, ती त्याने दिवाळीच्या सुटीत फराळाचे ताट मांडीवर ठेवून, हातातल्या फोनवर, दहा मिनिटांत काढली. पलटण ११०. गावाचे नाव भलत्याच वर्णांत लिहिलेले, परंतु पुढे खानापूर, बेळगाव, मुंबई असा स्पष्ट उल्लेख. मृत्यूची तारीख: २२ नोव्हेंबर १९१५.

मी तारीख पुन्हा वाचायला लावली. कुटचा वेढा सुरू झाला ७ डिसेंबर १९१५ रोजी.

येथे वाचकांना थोडा इतिहास सांगायला हवा. बसरा १९१४ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी घेतले ते पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनच्या बळावर. तिच्या तीन ब्रिगेडांपैकी अठरावीला बेळगाव ब्रिगेड असेच म्हणत, आणि ११० वी पलटण तिच्यातच होती. पुढच्या वर्षभरात ही फौज तैग्रिसच्या काठाने अमारा, कुट अशी वर सरकत गेली. सेनापती टाउनशेंड यांची नजर बगदादवर होती. बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे, सासानी बादशहांच्या राजवाड्याची विटांची प्रचंड कमान आजही उभी आहे, तिच्या परिसरात तुर्कांनी खंदक खणले होते. २२ नोव्हेंबरला सकाळी हल्ला झाला. त्या लढाईत या बाजूचे सुमारे साडेचार हजार लोक मेले वा जखमी झाले. जखमींना बिनकमानीच्या खेचरगाड्यांत घालून, खाचखळग्यांतून, मैलोगणती नदीकडे आणण्यात आले; त्या हालांची पुढे विलायतेत चौकशी झाली. उरलेली फौज ३ डिसेंबरला कशीबशी कुटला परतली आणि वेढ्यात सापडली. १४७ दिवसांच्या उपासमारीनंतर, घोड्याचे मांस खावे की न खावे या धर्मसंकटातून गेल्यानंतर, २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० माणसांनी शस्त्रे ठेवली. शेजारच्या गावचा तो शिपाई कैदेत गेला तो तेव्हा.

म्हणजे पणजोबा कुटच्या वेढ्यात नव्हतेच. तेथे त्यांना जिवंत पाहणे कोणाला शक्य नव्हते. टेसिफोनला, हल्ल्याच्या पहिल्याच दिवशी, ते पडले. दुसरा संसार नाही, तिकडे राहणे नाही. गावाने साठ वर्षे चघळलेली गोष्ट एका तारखेने खोटी ठरली. जुन्या पंचांगाच्या हिशेबाने ते दिवस त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमाराचे येतात. त्या सुमारास आमच्या गावी दीपमाळ पेटवलेली असणार.

त्या शेजारच्या शिपायाने असे का सांगितले असेल? पूर्वी मला त्याचा राग आला असता. आता वाटते, तीन वर्षे उपास, उन्हे आणि बेड्या सोसून आलेल्या माणसाच्या आठवणीत तारखा कशा उरणार? किंवा दारात लहान मूल घेऊन उभ्या असलेल्या तरुण बाईचे कपाळ पाहून त्याच्या तोंडून दुसरे वाक्य निघालेच नसेल. दोन्ही शक्य आहे.

नोंदीत आणखी एक ओळ होती. चिरंजीव म्हणाला, "बाबा, इथं 'पत्नी' म्हणून नाव आहे, पण ते थोरल्या आईचं नाही." मी पाहिले. इंग्रजी अक्षरांत लिहिलेले ते नाव मला अगदी अपरिचित होते. क्षणभर गावची कुजबूज माझ्याही मनात डोकावून गेली, हे कबूल केले पाहिजे. मी फोन घेऊन माजघरात अण्णांकडे गेलो. अण्णा आता पंच्याऐंशीचे आहेत. मी ते नाव हळू वाचले.

अण्णांनी डोळे मिटून घेतले. "हे तिचंच," ते म्हणाले. "माहेरचं. तिचे भाऊ तिला या नावानं हाक मारायचे."

पणजोबा तिच्या सख्ख्या आत्याचे चिरंजीव होते. लग्नात नाव बदलले ते सासरच्या लोकांसाठी. त्यांनी तिला परकरात पाहिलेले होते. कँपमधल्या भरतीच्या मेजाशी कारकुनाने बायकोचे नाव विचारले असेल, तेव्हा त्यांच्या तोंडून सहज आले ते हे. ती त्यांचे नाव साठ वर्षे घेत नव्हती आणि तिचे लाडके नाव परक्या लिपीत, एक अक्षर चुकून, सातासमुद्रापलीकडच्या वहीत सुखरूप होते. ते नाव मी येथे देत नाही. ते चार माणसांपुरतेच होते.

आता खरी अडचण पुढे होती. नवमीचे काय? पतीच्या आधी गेलेल्या बाईची ती तिथी. थोरल्या आईचे कुंकू, कागदाच्या हिशेबाने, २२ नोव्हेंबर १९१५ लाच गेलेले होते. पंचेचाळीसहून अधिक वर्षे आम्ही चुकीचे श्राद्ध करीत आलो की काय? मी उपाध्यांना विचारले. ते तरुण आहेत, शिकलेले आहेत. म्हणाले, शास्त्राने पाहता प्रश्न आहे, पण वडीलधारे म्हणतील तसे करू. मी अण्णांपुढे विषय काढला. मनात भीती होती, की कागद दाखवून मी एका मेलेल्या बाईचे कुंकू पुसायला निघालो आहे.

अण्णा दोन दिवस काही बोलले नाहीत. मग एका सकाळी अंगणात बसले असताना म्हणाले, "नवमी चालू राहील. तिची ती करायची. लढाईत पडलेल्याची चतुर्दशी असते ना? त्याची ती. आपापसात काय ते दोघं बघून घेतील."

भाद्रपद वद्य चतुर्दशीला शस्त्राने मेलेल्यांचे श्राद्ध करतात, ते अण्णांच्या ध्यानात होते, माझ्या नव्हते. आमच्या घरी आबांच्या श्राद्धातही पणजोबांचे नाव वगळून त्यांच्या वडिलांचे घेण्याचा परिपाठ थोरल्या आईच्या काळापासून चालत आला होता. जिवंत माणसाच्या नावाने पिंड देत नाहीत.

त्या भाद्रपदात नवमी नेहमीसारखी झाली. शेजारच्या सुनेची ओटी भरली. पाच दिवसांनी चतुर्दशीला पाऊस होता. सोप्यातच पाट मांडले. संकल्पाच्या वेळी उपाध्यांनी गोत्र आणि नाव विचारले. अण्णांनी आपल्या आजोबांचे नाव सांगितले. बाहेर कौलांवर पावसाचा आवाज फार होता, उपाध्यांना ऐकू गेले नाही. तेव्हा अण्णांनी ते पुन्हा, जरा मोठ्याने, सांगितले.